जुनी गाडी, गिअरचे तेल आणि आमचा हिशेब

कापडाच्या धंद्यात तेलाच्या डागाइतका दुसरा वैरी नाही. यंत्रमागावरून उतरलेल्या कोऱ्या ताग्यावर बोटभर तेलाचा डाग दिसला की खरेदीदार भाव पाडतो आणि विणकराची आठवड्याची मेहनत त्या एका ठिपक्यात बुडते. मालेगावात ज्यांचा जन्म खटखट ऐकत गेला, त्या आम्हा लोकांना हे नव्याने सांगावे लागत नाही. म्हणूनच आमच्या दुकानासमोर, जिथे आमची ओम्नी गाडी उभी राहते, तिथे फरशीवर तेलाचे थेंब दिसू लागले तेव्हा आम्ही ताबडतोब उपाय केला. एक जुने पोते आणून त्यावर टाकले. गठ्ठे चढवता-उतरवताना कापडाला डाग लागू नये, एवढीच आम्हाला फिकीर होती. हे तेल गाडीच्या कोणत्या भागातून येते, किती येते आणि ज्या भागातून येते त्या भागात आता किती उरले असेल, हा प्रश्न वर्षभर आमच्या मनात आला नाही. तीस वर्षे हिशेबाच्या वह्या लिहिणाऱ्या माणसाची ही अवस्था. म्हणून आज या पानावर कापडाऐवजी गिअरच्या तेलाबद्दल लिहीत आहोत.

आमची गाडी २०१२ सालची. आम्ही ती २०१७ मध्ये जुनी म्हणून घेतली तेव्हा एक लाख दहा हजार किलोमीटर चाललेली होती. आता पावणेदोन लाखांच्या पुढे गेली आहे. ही गाडी १९८४ मध्ये मारुती व्हॅन म्हणून बाजारात आली, पुढे तिचे नाव ओम्नी पडले आणि २०१९ मध्ये कारखान्याने ती बनवणे बंद केले. तरी आपल्या भागात लहान व्यापाऱ्यांच्या दारात ती अजून उभी दिसते. कारण साधे आहे. मागे नमुन्यांचे गठ्ठे मावतात, गल्लीत वळते आणि बिघडली तर कोणत्याही गावात दुरुस्त होते. नवी गाडी घ्यायची तर हप्ता, आणि हप्ता म्हणजे व्याजाचा प्रश्न. तेव्हा आहे तीच गाडी टिकवणे हा आमच्यासारख्यांसाठी शौक नसून धंद्याचा भाग आहे.

२०२४ च्या पावसाळ्यातील गोष्ट. नाशिकला माल दाखवायला निघालो होतो. राहुड घाट चढताना आमच्या चालकाने तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकला आणि दात घासल्याचा जो करकर आवाज झाला तो मागच्या गठ्ठ्यांपर्यंत गेला असेल. त्याने क्लच दोनदा दाबून, मध्ये पाय किंचित एक्सिलरेटरला लावून, कसाबसा गिअर बसवला. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. आमच्यासोबत बाहेरगावचे एक व्यापारी बसले होते. त्यांच्यासमोर आम्ही चालकाला बोललो. गाडी चालवता येत नसेल तर सांग, गिअरबॉक्स फोडून ठेवशील, असे बरेच काही. तो म्हणाला, ‘‘सेठ, उन्हाळ्यात मी म्हणालो होतो, गिअरचं तेल एकदा बघून घ्या.’’ आम्हाला आठवले. म्हणाला होता खरा. आम्ही म्हणालो होतो, लग्नसराई जाऊ दे, मग बघू. परंतु पाहुण्यासमोर नोकराने आपली आठवण काढून द्यावी हे आम्हाला खपले नाही. आणखी बोललो. महिनाअखेरीस दुरुस्तीचा अंदाज म्हणून त्याच्या पगारातून दीड हजार रुपये कापून ठेवले. त्याने पैसे मोजले, किल्ली गल्ल्यावर ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही.

गिअरबॉक्स उतरवला तेव्हा खरी हकीकत कळली.

ज्या उस्तादांकडे आम्ही गाडी नेली त्यांनी आधी काही न उघडता आम्हाला खाली वाकून बघायला लावले. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून जिथे लांब शाफ्ट निघतो तिथले ऑइल सील झिजले होते. तिथून गळणारे तेल फिरत्या शाफ्टने चहूकडे उडवले होते. गाडीच्या पोटाला तेल आणि धूळ मिळून काळा लेप चढला होता. फरशीवर पडणारे थेंब म्हणजे गळतीचा लहानसा हिस्सा, बाकीचे रस्त्यावर उडत होते. मग त्यांनी बाजूचा भरणीचा बोल्ट उघडला. नियम असा की सपाट जागी उभ्या गाडीत तेल त्या भोकाच्या कडेपर्यंत असले पाहिजे. करंगळी आत घातली तर टोकाला तेल लागले पाहिजे. उस्तादांनी बोट घातले, कोरडे निघाले. खालचा बोल्ट उघडून तेल पातेल्यात घेतले तर असायला हवे त्याच्या निम्मेही नव्हते. जे होते ते काळे, आणि उन्हात धरल्यावर त्यात पिवळी चकाकी.

ही चकाकी पितळेची. ज्यांना यंत्राची ओळख कमी आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गिअर बदलताना दोन भाग वेगवेगळ्या गतीने फिरत असतात. त्यांची गती एक करण्यासाठी मध्ये पितळी किंवा तशाच तांबेमिश्रित धातूच्या रिंगा असतात. त्यांना सिंक्रो रिंग म्हणतात. रिंग शंकूसारख्या भागावर दाबली जाते, घर्षणाने त्याची गती जुळवून घेते आणि मग दात न करकरता बसतात. म्हणजे या रिंगेचे काम घसरण्याचे नसून पकडण्याचे आहे. बाकी सगळ्या भागांना तेलाने वाचवायचे आणि या एका रिंगेला मात्र पुरेसे घर्षण मिळू द्यायचे, असे दुहेरी काम गिअरच्या तेलाकडे असते. ते जुने, पातळ किंवा भलत्याच जातीचे झाले की रिंग झिजते किंवा नीट पकडत नाही. पहिला त्रास बहुधा दुसऱ्या गिअरला जाणवतो, कारण शहरात आणि घाटात तोच सर्वांत जास्त राबतो आणि त्याला गतीतला फरकही मोठा मिटवावा लागतो.

आता भलत्या जातीची गोष्ट. ओम्नीत इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, त्यामुळे गिअरबॉक्स वेगळा आणि मागच्या आसातला डिफरन्शियल वेगळा. दोघांची तेले वेगळी. मागच्या डिफरन्शियलमधील दात एकमेकांवर भारी दाबाने घसरत चालतात. त्यांना गंधक आणि फॉस्फरसची जास्त मात्रा असलेले तेल लागते, म्हणजे डब्यावर जीएल-५ लिहिलेले. गिअरबॉक्सला बहुतेक जुन्या गाड्यांत जीएल-४ सांगितलेले असते. त्यात ही मात्रा साधारण निम्मी. हा फरक कंजुषीचा नाही. गंधकाची तीव्र मात्रा गरम झाली की तांब्या-पितळेला खाते, आणि दातांना वाचवणारा जो थर ती चढवते तो सिंक्रो रिंगेच्या पकडीच्या आड येतो. ‘पाच हे चारापेक्षा मोठे, म्हणून भारी’ असा अर्थ लावून अनेक जण गिअरबॉक्समध्ये पाच नंबर घालतात. आमच्याकडूनही अनेकदा असे गिऱ्हाईक गेले आहे, ज्याला साठ नंबरच्या सुतापेक्षा ऐंशी नंबरचे कापड प्रत्येक कामाला चांगले वाटते आणि मग तो त्याच्या गाद्यांच्या खोळी शिवतो. नंबर हा दर्जा नसतो, कामाची ओळख असते. हल्ली काही तेले दोन्ही कामांना चालतील अशी बनतात आणि डब्यावर तसे लिहिलेले असते. ती गोष्ट वेगळी. पण नुसते जीएल-५ लिहिलेले तेल, गाडीच्या पुस्तिकेत सांगितले नसताना, गिअरबॉक्समध्ये घालू नये असे आमचे मत झाले आहे.

आमच्या गाडीत काय झाले होते? दोन वर्षांपूर्वी आम्ही क्लच प्लेट बदलून घेतली होती, दुसऱ्या एका ठिकाणी. त्या वेळी गिअरबॉक्स उतरवला, तेल काढले आणि परत भरताना पुढे आणि मागे एकाच सुट्या कॅनमधून भरले. आम्ही तिथेच स्टुलावर बसून चहा पीत होतो. डोळ्यांसमोर झाले. तेल कोणते, हे विचारले नाही, कारण बिलात तेलाचे पैसे कमी लागले याचाच आनंद होता. आता चुकीच्या तेलाने किती खाल्ले आणि कमी तेलाने किती, हे आम्ही नव्या उस्तादांना विचारले. ते म्हणाले, ‘‘ते मला सांगता येणार नाही. दोन्ही चोर एकाच घरात होते.’’ सरळ माणसाचे सरळ उत्तर. आम्हाला आवडले.

एक गोष्ट मात्र नक्की सांगता आली. चालकाच्या हातांनी गिअरबॉक्स बिघडला नव्हता. उलट क्लच दोनदा दाबून गिअर टाकण्याची जी त्याची पद्धत पाहून आम्ही ओरडत होतो, त्याच पद्धतीने तो झिजलेल्या रिंगेचे काम आपल्या पायाने करत होता. उस्ताद म्हणाले, दुसऱ्याच्या हातात असती तर ही गाडी चार महिने आधीच आली असती.

तेव्हा बिलाचा हिशेब असा. सिंक्रो रिंगा, दोन बेअरिंग, सील, तेल आणि मजुरी धरून अकरा हजार आठशे रुपये. गाडी चार दिवस उभी, त्यात येवल्याचा एक सौदा गेला तो वेगळा. वेळेवर सील बदलून दोन्ही तेले घातली असती तर दीड-दोन हजारांत काम झाले असते. आणि चालक राहिला असता. हा शेवटचा आकडा कोणत्या रकान्यात लिहायचा ते आम्हाला अजून कळलेले नाही.

आता ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे त्या व्यापारी बंधूंच्या दोन-तीन गैरसमजांबद्दल बोलतो, कारण हे सर्व आमचेही होते.

पहिला असा की गिअरचे तेल बदलायचे नसतेच. इंजिनचे तेल बदलायचे हे आता सर्वांना माहीत आहे. गिअरचे तेल मात्र ‘कंपनीने भरलेले, जन्मभराचे’ असे मानतात. काही कारखाने तसे म्हणतातही. पण जन्म कोणाचा, गाडीचा की वॉरंटीचा, हे विचारले पाहिजे. हे तेल इंजिनच्या तेलासारखे जळत नाही आणि त्यात काजळीही येत नाही, हे खरे. परंतु ते दातांच्या मध्ये रगडले जाऊन हळूहळू पातळ होते, त्यातील औषधी मात्रा खर्च होते आणि धातूचा जो बारीक कीस पडतो तो त्यातच फिरत राहतो, कारण इंजिनला असते तशी गाळणी गिअरबॉक्सला बहुधा नसते. पावसात पाण्यातून गाडी गेली तर श्वासनळीतून ओलही शिरते. श्वासनळी म्हणजे गिअरबॉक्सवरची लहान टोपी, गरम हवा बाहेर जाण्यासाठी. ती चिखलाने बुजली की आत दाब वाढतो आणि तेल सीलमधून वाट काढते. नवे सील टाकूनही पुन्हा गळते तेव्हा ही टोपी कोणी पाहत नाही.

दुसरा गैरसमज जास्त नुकसानीचा आहे. ‘एवढी चाललेली गाडी आहे, जुन्या तेलाला हात लावू नका, नवे घातले की गिअरबॉक्स बसतो.’ हे आम्ही स्वतः दोन मेकॅनिकांच्या तोंडून ऐकले. ही समजूत ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांवरून आली असावी. तिथे तेलाच्या दाबाने आणि पकडीने आतल्या प्लेटा चालतात, आणि फार वर्षे न बदललेले तेल एकदम बदलावे की नाही यावर जाणकारांत वाद आहे. हाताने बदलण्याच्या गिअरला ती भीती लागू नाही. इथे दात आहेत, रिंगा आहेत, बेअरिंग आहेत, आणि जुन्या घाणेरड्या तेलाने यांतल्या एकाचेही भले होत नाही. हां, असे होते की तेल बदलल्यानंतर कधी गळती दिसू लागते. सील आधीच झिजलेले असते, घट्ट गाळाने भोक बुजवून धरलेले असते, नवे तेल त्याला वाट करून देते. यात दोष नव्या तेलाचा नाही. फाटलेले धोतर धुतल्यावर फाटलेले दिसले तर पाण्याला बोल लावू नये.

तिसरी गोष्ट गैरसमज नसून लबाडी आहे. आवाज करणाऱ्या गिअरबॉक्समध्ये फार जाड तेल किंवा ग्रीस भरून आवाज दाबायचा आणि गाडी विकायची. पूर्वी लाकडाचा भुसाही घालत, असे जुने लोक सांगतात. गाडी दोनशे-पाचशे किलोमीटर गुपचूप चालते. थंड सकाळी मात्र गिअर चिखलातून काढल्यासारखा जड पडतो, कारण जाड तेल वेळेवर बाजूला सरत नाही आणि रिंगेला पकडू देत नाही. जुनी गाडी घेताना म्हणून आम्ही आता सकाळी थंड इंजिनवर बघायला जातो आणि मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी येतो म्हणून सांगतो. मालाची वरची घडी सुरेख आणि आत गाठी, हा प्रकार कापडवाल्यांना शिकवायला नको.

कामाची पद्धत उस्तादांनी आमच्यासमोर केली तशी लिहितो. आपल्या वाचकांत फिटर आणि चालक पुष्कळ आहेत, त्यांना यात नवे काही नसेल. परंतु मालकाने ती माहीत करून घेतली तर त्याला स्टुलावर बसून नुसता चहा पिण्याची वेळ येणार नाही. गाडी आधी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणावी, म्हणजे तेल गरम होऊन पातळ होते आणि तळाचा गाळ घेऊन निघते. नंतर सपाट जागी खड्ड्यावर किंवा चारी बाजूंनी घोडीवर घ्यावी. नुसत्या जॅकवर टांगलेल्या गाडीखाली शागिर्दाला पाठवू नये, याबद्दल आमचे मत कठोर आहे. मग वरचा, म्हणजे भरणीचा बोल्ट आधी उघडावा. हे महत्त्वाचे. खालचा आधी उघडून तेल सांडले आणि वरचा गंजून अडला तर गाडी कोरडी उभी राहते. वरचा निघत नसेल तर तिथेच थांबावे, गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, योग्य मापाचा पाना आणावा. वेड्यावाकड्या पान्याने बोल्टची डोकी गोल झालेल्या गाड्या आपण पाहतोच.

खालच्या बोल्टला अनेक गाड्यांत लोहचुंबक असते. त्याला काळसर राखाडी लोण्यासारखा बारीक कीस चिकटलेला असतो. तो जास्त चाललेल्या गाडीत असायचाच, घाबरू नये. बोटांमध्ये चोळल्यावर खडे लागले, टवके दिसले किंवा दाताचा तुकडा निघाला तर नुसते तेल बदलून फायदा नाही. पिवळी चकाकी चुंबकाला लागत नाही, ती तेलात पाहावी. तेल दुधट असेल तर पाणी शिरले आहे. बोल्ट पुसून, वॉशर नवा घालून, बेताने आवळावा. गिअरबॉक्सचे कवच ॲल्युमिनियमचे असते, जास्त जोर केला तर आटे निघतात. नवे तेल हातपंपाने किंवा नळी लावून भोकातून बाहेर येऊ लागेपर्यंत भरावे, जास्तीचे ओघळू द्यावे आणि मग बोल्ट लावावा. ‘थोडे जास्त असू दे’ हा उदारपणा इथे नको. जास्तीचे तेल घुसळून तापते आणि सील शोधते. पुढच्या सीलमधून क्लच प्लेटवर आले तर तो खर्च निराळा.

मारुती ८०० सारख्या पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्यांत गिअर आणि डिफरन्शियल एकाच कवचात असतात, तिथे एकच तेल. काही कारखान्यांच्या गाड्यांना तर फार पातळ, खास निराळे तेल सांगितलेले असते. म्हणून गाडीची पुस्तिका पाहिल्याशिवाय, शेजाऱ्याच्या गाडीत घातले ते आपल्या गाडीत, असे करू नये. पुस्तिका इंग्रजीत असते. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, मराठी बाजाराने शिकवली आणि इंग्रजी पावतीपुरती येते. सात वर्षे ती पुस्तिका गाडीच्या खणात विम्याच्या कागदांखाली पडून होती. शेवटी आमच्या मुलीने वाचून दाखवली. तिने दोन्ही तेलांचे नंबर एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले, तो पुठ्ठा आता खणाच्या झाकणावर चिकटवलेला आहे. त्यासोबत किती किलोमीटरला बदलले तो आकडा. आमच्यासारख्या वजन वाहणाऱ्या, घाटात फिरणाऱ्या गाडीला आम्ही चाळीस हजार किलोमीटरचा ठोका धरला आहे. आणि जुनी गाडी घेतली तर विकणारा काहीही सांगो, दोन्ही तेले एकदा बदलून घ्यावीत. फार घाण निघाली तर पाच हजारांनी पुन्हा.

नव्या तेलाने काय होणार नाही तेही सांगितले पाहिजे. झिजलेली रिंग भरून येत नाही. क्लच पूर्ण सुटत नसेल तरी गिअर करकरतो, तेव्हा आधी क्लचची तार आणि प्लेट तपासावी. न्यूट्रलमध्ये गाडी उभी असताना घरघर ऐकू येते आणि क्लच दाबल्यावर थांबते, तर बहुधा गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग बोलत आहे. त्यावर तेलाची बाटली म्हणजे मोडलेल्या हाडाला मलम. दुकानातून ‘गिअर मऊ करणारी’ छोटी बाटली आणून ओतणाऱ्यांना आम्ही अडवत नाही, फक्त ते पैसे सीलसाठी ठेवले असते तर बरे, असे वाटते.

कारागीर बंधूंशीही थोडे बोलायचे आहे, आणि ते रागावणार नाहीत अशी आशा आहे. सुट्या कॅनमधून विनानावाचे तेल घालणे बंद करावे. बाटली गिऱ्हाइकासमोर फोडावी, निघालेले तेल त्याला पांढऱ्या भांड्यात दाखवावे, बिलावर तेलाचा नंबर आणि किलोमीटर लिहावा. रिकामी बाटली कापून टाकावी, नाहीतर तीच परत भरून दुसऱ्याच्या दुकानात येते. मिलचा शिक्का मारलेला नकली तागा आणि ही बाटली यांत फरक नाही. निघालेले तेल गटारात सोडू नये. आपल्या गटारातून ते मोसम नदीत जाते, आणि नदीत काय काय जाते ते पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाला नाकाने कळते. वापरलेले तेल हा कायद्याने घातक कचरा आहे, २०१६ च्या नियमांनुसार ते अधिकृत प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. ड्रम भरून ठेवला तर ते विकतही जाते.

पण हे सारे कारागिराने फुकट करावे, असे आम्ही म्हणत नाही. उस्तादांनी आम्हाला ऐकवले ते बरोबर होते. तेल बदलायचे तर गाडीखाली तासभर पाठीवर पडावे लागते, गरम तेल कोपरापर्यंत ओघळते, आणि मालक म्हणतो, एवढ्याशा कामाचे एवढे? मग गॅरेजवाला हे काम सुचवणेच सोडून देतो, गिअरबॉक्स उतरायची वाट पाहतो. त्यात त्याचेही पोट भरते आणि मालकालाही दुरुस्ती झाल्यासारखी वाटते. आम्ही व्यापारी घासाघीस केल्याशिवाय सुई विकत घेत नाही. त्या दिवशी मात्र उस्तादांनी सांगितली ती मजुरी दिली.

कापलेले दीड हजार रुपये घेऊन आम्ही चालकाच्या घरी गेलो. तो एका सायझिंगमध्ये कामाला लागला होता, पाळी संपवून नुकताच आला होता. आम्ही सगळे सांगितले, पातेल्यातल्या चकाकीपासून. माफी मागितली, आणि जे त्या व्यापाऱ्यासमोर बोललो होतो ते चूक होते, हे त्याच व्यापाऱ्याला फोन करून सांगितल्याचेही सांगितले. त्याने पैसे घेतले. कामावर परत येण्याबद्दल विचारले तेव्हा म्हणाला, ‘‘इथं पगार वेळेवर आहे, सेठ.’’ चहा झाल्यावर तो आमच्यासोबत गल्लीच्या तोंडाशी उभ्या गाडीपर्यंत आला. न सांगता चालकाच्या जागेवर बसला, कॅम्प रस्त्यापर्यंत एक फेरी मारली, येताना वळणावर तिसऱ्यावरून दुसरा टाकला. आवाज झाला नाही. किल्ली परत देताना त्याने विचारले, मागच्या डिफरन्शियलचं तेलही बदललं ना? आम्ही खणाचे झाकण उघडून पुठ्ठा दाखवला. त्याने वाचला आणि म्हणाला, मागच्या आसावरची टोपी साफ करायला सांगा, ती मी दोनदा साफ केली होती, तिथे चिखल लवकर बसतो.